दार उघडायचं की नाही? (भयपटाचे नियम आणि माझा लघुपट)

वीतभर_सावली

मंडळी, इतकी वर्षं इथे वाचनमात्र होते. आता गळ्याशी आलंय म्हणून पहिला धागा काढतेय, सांभाळून घ्या.

14 मिनिटांचा एक लघुपट केलाय. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवसांत, उसन्या कॅमेऱ्यावर. गोष्ट एवढीच: एक बाई एकटी राहते. घरातली एक खोली कायम बंद असते. एका रात्री त्या दारावर आतून टकटक होते. दुसऱ्या रात्री पुन्हा. तिसऱ्या रात्री ती उठते, दारापाशी जाते, कडीला हात लावते. पडदा काळा. संपलं.

पाच जणांना कच्चं संकलन दाखवलं. तिघांचा शब्द एकच: "फसवलंस." एक मैत्रीण तर म्हणाली, "आत काय होतं ते तुलाच माहीत नाहीये." (खरं आहे. नाहीये माहीत.)

माझी अडचण अशी, की हीच गोष्ट मी 'एकटेपणावरचा लघुपट' म्हणून दाखवली असती तर दारासाठी कुणी भांडलं नसतं. 'सूचक शेवट' म्हणून माना डोलल्या असत्या. पण पहिल्याच मिनिटात मी अंधारा बोळ, करकरणारा जिना आणि खर्जातला घुमणारा सूर टाकला आणि बघणाऱ्यांनी मनात शिक्का मारला: भयपट. तिथून पुढे कॅमेरा कुठे ठेवायचा, किती थांबायचं, शेवटी हातावर काय ठेवायचं, सगळं जणू आधीच ठरलेलं. मग यात मी काय ठरवलं?

दार उघडू की नको? आणि उघडलंच तर ते मी उघडलं म्हणायचं, की जॉनरने (म्हणजे भयपट या प्रकाराच्या ठरलेल्या साच्याने)?

मध्यंतर

दार उघडा. आत निर्माता असेल, पैसे मागायला आलेला. त्याहून भयानक काय असणार!

तिरकस

नको. उघडू नका. साचे पाडणं हे कारखान्याचं काम. भयपट, प्रेमपट, रहस्यपट ही डब्यांवरची लेबलं आहेत, विकणाऱ्याच्या सोयीची. करणाऱ्याने त्यांच्याकडे बघूच नये. ज्याला फसवल्यासारखं वाटतं तो तुमचा प्रेक्षक नाही, एवढं मान्य केलं की प्रश्न संपला.

रीळतोड्या

तिरकसराव, इतकं सोपं असतं तर आम्हा संकलन करणाऱ्यांना झोप तरी लागली असती.

सावलीताई, अंधारा बोळ आणि खर्जातला सूर तुम्हीच टाकलात ना? त्यांचा फायदा पुरेपूर घेतलात. प्रेक्षक दाराकडे टक लावून बसला तो त्या सुरामुळेच. तोच बोळ भर दुपारी, रेडिओ चालू असताना दाखवला असतात तर टकटक ऐकून लोकांना वाटलं असतं, कुणीतरी आत अडकलंय, काढा बिचाऱ्याला. म्हणजे 13 मिनिटं जॉनरकडून उधार घ्यायचं आणि चौदाव्या मिनिटाला 'मी कुणाचं देणं लागत नाही' म्हणायचं. "फसवलंस" हा शब्द त्या उधारीबद्दल आहे. शेवट मोकळा सोडल्याबद्दल नाही.

बॉम्बचं उदाहरण इथे सगळ्यांना पाठ असेल. दिग्दर्शक हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला सांगितलेलं: टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल तर स्फोटाचा 15 सेकंदांचा धक्का मिळतो. माहीत असेल तर त्याच रटाळ गप्पा 15 मिनिटं जीव मुठीत धरून ऐकल्या जातात. तुमच्या गोष्टीत टकटक म्हणजे बॉम्ब. तो प्रेक्षकाला दाखवलात, उत्तम. पण मग घड्याळ कुठंय? तीन रात्रींत काय बदलतं? टकटक जवळ येते? वेळ बदलते? बाई बदलते? तिन्ही रात्री सारख्याच असतील तर लोक शेवटासाठी भांडणारच, कारण मधे धरायला काही दिलेलंच नाही.

वीतभर_सावली

रीळतोड्या, लागलं. तिन्ही रात्री जवळजवळ सारख्याच आहेत. मला वाटलं होतं पुनरावृत्तीने भीती वाढेल.

कोपऱ्यातली_खुर्ची

पुनरावृत्तीने जांभई वाढते. अनुभवाचे बोल.

जुनी_पेटी

तिरकस यांनी कारखाना म्हटलंत म्हणून एका खऱ्याखुऱ्या कारखान्याची गोष्ट सांगतो.

1942 साली हॉलिवूडच्या आरकेओ स्टुडिओने वॅल ल्यूटन या निर्मात्याला स्वस्तातले भयपट काढायला बसवलं. अटी तीन: खर्च दीड लाख डॉलरच्या आत, लांबी सव्वा तासाच्या आत आणि चित्रपटाचं नाव स्टुडिओ देणार. आधी नाव, मग गोष्ट! पहिलं नाव हातात पडलं 'कॅट पीपल'. आता या नावावर, तेवढ्या पैशांत, मांजरमाणसाचा मुखवटा चढवून उड्या मारायला लावल्या असत्या तर आज कुणी नावही घेतलं नसतं. ल्यूटन आणि दिग्दर्शक जाक तुर्नर यांनी प्राणी सावलीत ठेवला. एक बाई रात्री रस्त्याने चाललीय, मागून दुसऱ्या पावलांचा आवाज, मग तो आवाजही थांबतो. ती घाबरून चालण्याचा वेग वाढवते आणि कानात फिस्सकन काहीतरी शिरतं. श्वापद? नाही, बस. ब्रेक दाबून थांबलेली साधी बस. या युक्तीला आजही संकलनाच्या खोल्यांत 'ल्यूटन बस' म्हणतात. आपल्याला आता वीट आलेल्या 'जम्प स्केअर'ची (अचानक दचकवण्याच्या युक्तीची) ही आजी.

म्हणजे कारखाना होता, साचाही होता, आणि त्यातूनच नवी गोष्ट निघाली.

पण खरी मजा पुढे आहे, ती सावलीताईंसाठी. हाच तुर्नर 15 वर्षांनी, 1957 मध्ये 'नाइट ऑफ द डेमन' करतो. सैतान खरा आहे की मनाचा खेळ, हे धूसर ठेवायची त्याची इच्छा. निर्माता म्हणाला, भयपट आहे, राक्षस दिसलाच पाहिजे. आणि दाखवला. शेवटी तर दाखवलाच, पण सुरुवातीलाही! तुर्नरला ते अजिबात पटलं नव्हतं. एकच दिग्दर्शक, एकदा दार बंद राहिलं, एकदा दुसऱ्याने लाथ मारून उघडलं.

निशाचर

पण पेटीकाका, मला तो राक्षस आवडतो! धुरातून येतो ना, तो. लहानपणी बघून दोन रात्री उशीखाली डोकं घालून झोपलो होतो. तुर्नरला काय वाटायचं ते वाटो.

जुनी_पेटी

त्या राक्षसाचे चाहते पुष्कळ आहेत, हे मान्य. माझं म्हणणं राक्षस वाईट आहे असं नाही, तो फार लवकर येतो. सुरुवातीलाच आपण तो प्रत्यक्ष पाहिलेला असतो, आणि नायक मात्र तासभर 'असलं काही नसतं' म्हणत फिरतो, तेव्हा त्याच्याबरोबर शंका घ्यायची सोयच आपल्याला उरत नाही. आपण नुसते त्याच्या मूर्खपणाकडे बघत बसतो.

तिरकस

म्हणजे शेवटी माझाच मुद्दा सिद्ध झाला. जॉनरचं नाव पुढे करून निर्मात्याने चित्रपट बिघडवला.

जुनी_पेटी

निर्मात्याने बिघडवला, जॉनरने नाही. जॉनरच्याच नियमांनी 'कॅट पीपल' घडवला होता.

पाटीवाला

या वादात माझे दोन पैसे. मी काही वर्षं सहायक दिग्दर्शक होतो (पाटी आपटण्यापासून सुरुवात, म्हणून हे नाव). एका थरारपटावर काम चालू होतं. नाव सांगत नाही, निर्माता अजून ओळख दाखवतो. पटकथेत खून, पोलीस, संशयित, सगळं जागेवर. अर्ध्या चित्रीकरणानंतर साहेब आले आणि म्हणाले, "थरारपट आहे, मग शेवटच्या वीस मिनिटांत पाठलाग कुठंय?" आमच्या गोष्टीत खुनी 70 वर्षांचा होता. काठी घेऊन चालणारा. पाठलाग लिहिला गेला. चित्रितही झाला. काठीसकट. संकलनात तो वेगवान दिसावा म्हणून दर सेकंदाला कट मारले. थिएटरात लोक हसले.

तेव्हापासून माझं मत असं की संकेत पाळण्यात चूक नसते, संकेत कशासाठी होता हे विसरण्यात असते. पाठलाग कशासाठी? शेवटाकडे दम लागावा म्हणून. म्हातारा खुनी आणि म्हातारा पोलीस एका जिन्यावर समोरासमोर, दोघांनाही धाप लागलेली, कुणी आधी बसणार, एवढ्यानेही दम लागला असता. सुचलं मात्र चित्रपट उतरल्यावर.

मध्यंतर

काठीसकट पाठलाग! हसून हसून पुरेवाट. पाटीवाले, तो सीन कुठे बघायला मिळेल?

पाटीवाला

नाही सांगणार. मरेपर्यंत नाही.

गणिती_भूत

अवांतर: रहस्यपटातला सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे श्रेयनामावली. किरकोळ भूमिकेत ओळखीचा मोठा नट दिसला की खुनी तोच. दिग्दर्शक कितीही वळणं घेवोत. म्हणजे भूमिका कुणाला द्यायची हा निर्णयसुद्धा जॉनर ठरवतं: एक तर सगळेच अनोळखी घ्या, नाही तर सगळेच नावाजलेले. दुसरी वाट 1974 च्या 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस'ने धरली. डब्यात इतके मोठे नट कोंबले की कुणावर संशय घ्यायचा तेच कळेना.

आणि फोन! 'नाइव्ह्ज आउट' (2019) वाल्या रायन जॉन्सनने एका मुलाखतीत सांगितलं होतं की अ‍ॅपल कंपनी चित्रपटात आयफोन वापरू देते, पण खलनायकाच्या हातात नाही. आता ज्याच्या हातात दुसरा फोन तो संशयित. मी तेव्हापासून गोष्ट सोडून फोनच बघतो.

निशाचर

सत्यानाश. आता मीही फोनच बघणार.

कोपऱ्यातली_खुर्ची

भयपटात फोनचं काम वेगळं. तिथे त्याला रेंज नसते. मोबाइल आल्यापासून प्रत्येक भयपटात दहाव्या मिनिटाला कुणीतरी हात उंच करून "नेटवर्क नाहीये" म्हणतं. एक अख्खा संवाद, फक्त जुना साचा जिवंत ठेवण्यासाठी.

सावली, तुझ्या बाईकडे फोन आहे का? टकटक झाली तर मी आधी कुणाला तरी फोन लावीन.

वीतभर_सावली

खुर्ची, आहे. दुसऱ्या रात्री ती फोन उचलते, नावांच्या यादीवरून बोट फिरवते आणि ठेवून देते. लावण्यासारखं कुणी नसतं. तो माझा सगळ्यात आवडता शॉट आहे, पण पाचांपैकी कुणीच त्याबद्दल बोललं नाही.

तिरकस

बघा! हाच चित्रपट आहे तुमचा. आणि तो कुणी पाहिला नाही, कारण सगळे भुताची वाट बघत होते. आता तरी पटतंय का?

रीळतोड्या

तिरकसराव, या वेळी अर्धं पटलं. पण शॉट दिसला नाही म्हणून जॉनर काढून टाका, हा उपाय मला उलटा वाटतो. प्रेक्षक भुताची वाट बघतोय म्हणजे त्याचे डोळे-कान टवकारलेले आहेत. इतकं लक्ष एकटेपणावरच्या लघुपटाला कोण देतं? त्या लक्षाचा उपयोग करता आला पाहिजे.

'सैराट' (2016) आठवा. पहिला अर्धा भाग अस्सल प्रेमपट: नजरानजर, विहीर, वाद्यवृंदासकट गाणी, स्लो मोशन. एकही संकेत चुकवलेला नाही, उलट मनापासून उपभोगलेला आहे. उत्तरार्धात एकेक गोष्ट काढून घेतली जाते आणि शेवटच्या प्रसंगात तर संगीतही नाही. ती शांतता चावते, कारण आधी आपल्या कानांना सवय लावून ठेवलेली होती. मुळात गाणीच नसलेला रूक्ष चित्रपट असता तर शेवटच्या शांततेत कुणाला काय वेगळं वाटणार होतं?

ध्वनिलहरी

+१. अखेर कुणीतरी आवाजावर आलं. मी ध्वनीवर काम करते, त्यामुळे माझं सगळं तिकडूनच.

जॉन कार्पेंटरने सांगितलेली गोष्ट आहे. 'हॅलोवीन' (1978) त्याने एका स्टुडिओच्या अधिकारी बाईला पार्श्वसंगीताशिवाय दाखवला. बाई मुळीच घाबरल्या नाहीत. मग त्याने स्वतः संगीत केलं, पाच मात्रांचा तो टोचत राहणारा पियानो. नंतर त्याच बाईंचं मत बदललं. चित्रं तीच. उलट टोक 'द बर्ड्स' (1963). त्यात नेहमीसारखं पार्श्वसंगीतच नाही, विद्युत वाद्यावर तयार केलेले पक्ष्यांचे आवाज आणि मधल्या जीवघेण्या शांतता. संगीत नसलं की प्रेक्षकाला 'आता घाबर' अशी आगाऊ सूचना मिळत नाही.

सावली, तुमचा तो खर्जातला घुमणारा सूर आधी काढा. तो हल्ली प्रत्येक भयपटात असतो, म्हणजे तो ऐकला की लोक घाबरत नाहीत, 'भयपट सुरू झाला' एवढं फक्त नोंदवतात. त्याच्या जागी खोलीचा स्वतःचा आवाज ठेवा. पंखा, पाइपातलं पाणी. आणि तिसऱ्या रात्री टकटक व्हायच्या दोन सेकंद आधी पंखा बंद करा. बाकी काही नको.

कोपऱ्यातली_खुर्ची

पंखा बंद... अंगावर काटा आला, आणि मी भर उजेडात बसलेय.

निशाचर

उजेडावरून आठवलं. 'द शायनिंग'मधल्या हॉटेलात केवढा लख्ख प्रकाश आहे! अंधार हवाच हा नियम मोडूनही तो भयपटच राहतो. मग नेमका कोणता नियम मोडला की जॉनर मोडतं?

जुनी_पेटी

चांगला प्रश्न, नेमकं उत्तर नाही. पण 'द शायनिंग'चा एक वेगळाच धागा हाती लागला. 'ब्लेड रनर' (1982) हा भविष्यपटाच्या पोशाखातला नॉयर, म्हणजे काळोख्या वातावरणाचा गुन्हेपट: पाऊस, धूर, थकलेला गुप्तहेर, कुणावर विश्वास ठेवावा कळेना. चाचणी खेळांत लोक गोंधळले, मग स्टुडिओने नायकाचं निवेदन चिकटवलं आणि शेवट गोड केला. हिरव्या डोंगरांतून गाडी जातेय, दोघे सुखी. हे डोंगर आले कुठून? दिग्दर्शक कुब्रिकने 'द शायनिंग'च्या सुरुवातीसाठी हेलिकॉप्टरमधून चित्रित करून न वापरलेले तुकडे! एका भयपटाची उरलेली रिळं दुसऱ्या चित्रपटाचा सुखान्त झाली. 1992 च्या आवृत्तीत निवेदन आणि ते डोंगर, दोन्ही गेले.

मध्यंतर

म्हणजे तीच गाडी, तेच डोंगर, एकीकडे कुऱ्हाड घेतलेला बाप, दुसरीकडे मधुचंद्र. लग्नाचं याहून अचूक वर्णन ऐकलं नाही.

पाटीवाला

सगळंच जॉनरच्या माथी मारू नका हं. 'रिबेका' (1940) मध्ये मूळ कादंबरीतला नवरा बायकोचा खून करतो, चित्रपटात ती पडून मरते. कारण तेव्हाच्या हॉलिवूडच्या हेज संहितेप्रमाणे (काय दाखवायचं, काय नाही याची नियमावली) खुन्याला शिक्षा न होता सोडता येत नसे. 'शोले'तही ठाकूर गब्बरला मारतो असा शेवट चित्रित झाला होता, सेन्सॉरमुळे पोलीस आणावे लागले. आणि ते शेवटी येणारे पोलीस इतके सवयीचे झालेत की आपण त्यांनाही जॉनरचाच भाग समजतो.

निशाचर

त्या सवयीवरच 'गेट आउट' (2017) चा शेवट उभा आहे! नायक रक्ताळलेला, रस्त्यावर पडलेली माणसं, दुरून निळे-लाल दिवे येतात. एरवी भयपटात पोलीस आले की सुटका. इथे नायक काळा, पोलीस त्यालाच खुनी समजतील, त्यामुळे दिवे दिसताच आपला जीव घशात येतो. गाडीतून उतरतो त्याचा मित्र. दिग्दर्शक जॉर्डन पीलने नायकाला अटक होते असा शेवटही चित्रित केला होता, मग बदलला. त्या दोन सेकंदांच्या दिव्यांमध्ये न वापरलेला शेवटही दिसून जातो.

तिरकस

हे मात्र मानलं. (तारीख लिहून ठेवा.)

तरी 'कोर्ट' (2014) विसरू नका. न्यायालयीन नाट्य म्हटलं की उलटतपासणी, टेबलावर मूठ, शेवटी धक्कादायक साक्षीदार. चैतन्य ताम्हाणेने यातलं काहीही दिलं नाही. कॅमेरा लांब, स्थिर, तारखा पडत राहतात. शेवटी न्यायाधीशाची सहल आणि बाकावर डुलकी. साच्याला नकार असा द्यावा.

रीळतोड्या

पण तो नकार कळतो कुणाला? ज्याने मूठ आपटणारे पन्नास वकील पाहिलेत त्याला. नसलेली मूठ दिसायला असलेली मूठ आधी पाहिलेली लागते.

तिरकस

तुम्ही माझं कुठलंच उदाहरण माझ्याकडे राहू देत नाही.

गणिती_भूत

मूळ प्रश्नाकडे येऊ या का? दार.

'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' (1999) मध्ये चेटकीण एकदाही दिसत नाही. शेवटी फक्त एक माणूस भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात उभा. तरी बहुतेकांना फसवल्यासारखं वाटत नाही, कारण सुरुवातीच्या मुलाखतीत एक गावकरी सांगून गेलेला असतो की खुनी एका मुलाला कोपऱ्यात उभं करून दुसऱ्याला मारायचा. हा खुलासा मुळात नव्हता, आधीच्या खेळांत लोकांना शेवट कळेना म्हणून मागाहून जोडला. शेवटाला हातही लावला नाही, सुरुवात दुरुस्त केली. सावलीताई, तुमची दुरुस्तीही चौदाव्या मिनिटात नसून तिसऱ्या मिनिटात असेल.

वीतभर_सावली

सगळ्यांचे आभार. तीन आठवडे गायब होते, कारण पुन्हा संकलन करत बसले होते.

केलं ते असं. घुमणारा सूर काढला (ध्वनिलहरी, तुम्ही म्हणालात तसा पंखा बंद केला, आणि पहिल्यांदा बघताना मीच दचकले). पहिल्या रात्री टकटक तीनदा, दुसऱ्या रात्री दोनदा, तिसऱ्या रात्री एकदाच. आत जे आहे ते दमत चाललंय, असं वाटायला लागलं. फोनचा शॉट दुसऱ्या टकटकीनंतर होता, तो दोन टकटकींच्या मधे घेतला. आता तो सगळ्यांना दिसतो, कारण त्या वेळी सगळे श्वास रोखून पुढच्या आवाजाची वाट बघत असतात. रीळतोड्या, उधारीचा असा उपयोग बरोबर आहे ना?

आणि दार. उघडलं नाही. पण एक शॉट नवा घेतला. तिची बोटं कडीच्या दिशेने जातात. बोटं पोचायच्या आधीच कडी हलते. मग काळा पडदा.

त्याच पाच जणांना दाखवला. दोघांना अजूनही दार उघडायला हवं होतं. "फसवलंस" म्हणणाऱ्यांपैकी एक काहीच बोलला नाही, घरी गेल्यावर रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला: "ती कडी बाहेरून होती ना? मग हलवली कुणी?"

मला अजूनही माहीत नाही.

तिरकस

हे भुताटकीच्या बाजूला झुकलं थोडं. पण फोनचा शॉट वाचला, त्यामुळे माफ.

निशाचर

लिंक द्या!!

वीतभर_सावली

एका महोत्सवाला पाठवलाय, निकाल लागेपर्यंत जाहीर टाकता येत नाही. नंतर नक्की देते.

पाटीवाला

अर्जात प्रकार कोणता लिहिलात? भयपट की इतर?

वीतभर_सावली

त्या रकान्यापाशी अर्धा तास बसले होते. भयपट लिहिलं.

ध्वनिलहरी

कडी हलल्याचा आवाज कशाचा घेतलात? खऱ्या कडीचा रेकॉर्ड केला की नेहमी फुसका येतो.

वीतभर_सावली

स्टेपलर. ऑफिसातला. उशीवर ठेवून दाबलेला.